अव्वाला बोलू द्या

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका खोलीत मी दुपारी बसले होते. बालवाडीत चार दिवस न आलेल्या एका पोरीची चौकशी करायला गेले होते. पोरगी साडेचार वर्षांची, ताप उतरून नुकतीच उठून बसलेली. शेजारी तिची अव्वा, म्हणजे आजी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता भिंतीला टेकून पेंगत होती. तेवढ्यात पोरीचा बाप आत आला. धाकटं पोर रांगत सुपाकडे निघालं होतं, म्हणून त्यानं सुपातली कात्री उचलली, पत्र्याच्या पेटीत टाकली, झाकण लावलं आणि कामावर निघून गेला. अव्वाला पत्ताच नाही.

थोड्या वेळानं ती जागी झाली. हात सुपात गेला. पानं उलथीपालथी केली, तंबाखू बाजूला सारली, पुन्हा पानं चाचपली. मी पोरीला मराठीत विचारलं, "काय शोधतीय गं अव्वा?"

"कात्री."

"मग सुपात का बघतीय?"

"तिला वाटतंय तिथंच हाय. झोपली हुती न्हवं ती."

आणि आजीकडे वळून म्हणाली, "अव्वा, कत्तेर पेट्टेलो उंदि." मग परत माझ्याकडे बघून, मी काही न विचारता, "पेटीत हाय म्हणून सांगितलं तिला."

सगळं मिळून अर्धा मिनिटही लागलं नसेल. पण त्या अर्ध्या मिनिटात एवढ्याशा जिवानं केवढं काम केलं! कात्री कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. अव्वाला ते ठाऊक नाही, आणि का नाही, हेही तिला ठाऊक होतं. अव्वाला सांगायचं तर तेलुगूत सांगावं लागेल, आणि तेलुगूत सांगितलं की बाई अंधारात राहतील, म्हणून बाईंना मराठीत वेगळं सांगायला हवं, एवढा विचार तिनं कुणी न शिकवता केला. दोन माणसं, दोन मनं, एकात काय आहे आणि दुसऱ्यात काय नाही, याचा हिशेब ती पोर ठेवत होती.

सत्तावीस वर्षं मी बालवाडीत मुलं सांभाळते आहे. हा हिशेब मी शेकडो मुलांना करताना पाहिला. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तो आमच्या गल्ल्यांमधून कमी कमी होताना पाहते आहे. म्हणून हे लिहिते आहे. शहाणपण शिकवण्यासाठी नाही, मदत मागण्यासाठी.

आधी आमचं गाव कसं आहे ते सांगते. पूर्वभागात पद्मशाली विणकरांची वस्ती. तेलंगणातून आलेल्या या लोकांनी पिढ्यानपिढ्या माग चालवले, सोलापुरी चादरीचं नाव जगभर नेलं, आणि घरात तेलुगू जपली. बाया घरोघरी विड्या वळतात. अक्कलकोटकडून, दक्षिण सोलापुरातून येणारी माणसं कन्नड बोलतात. ज्यांच्या नावानं संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते त्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचनं कन्नडात आहेत. मुसलमान मोहल्ल्यात दखनी. आणि या सगळ्यांना जोडणारी मराठी, तीही आमची खास, "काय करलालास बे" म्हणणारी. इथलं मूल रस्त्यावर खेळायला उतरलं की तासाभरात तीन भाषांतून जाऊन येतं. भाजीवालीशी एक, अव्वाशी दुसरी, शेजारच्या सलीमच्या आईशी तिसरी. कुणी शिकवणी लावलेली नसते.

आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. गरिबाघरचं म्हणून त्याची किंमतही कुणी केली नाही. पण ही गोष्ट साधी नाही, हे आता जगभरच्या अभ्यासकांनी मोजून पाहिलं आहे.

अव्वाच्या कात्रीसारखाच एक खेळ १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांपुढे मांडला होता. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या पाठीमागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. माक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठं शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा चॉकलेट खरोखर जिथं आहे तिकडेच बोट दाखवतं. आपल्याला जे ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक, असं त्याचं जग असतं. चार-पाच वर्षांचं झालं की ते पहिल्या कपाटाकडे बोट दाखवतं. माक्सीच्या डोक्यात चुकीची समजूत आहे आणि तो तिच्यावरच चालेल, हे त्याला उमगलेलं असतं. माणसाच्या बाळपणातली ही फार मोठी पायरी आहे. रुसलेल्याची समजूत घालणं, गुपित राखणं, मास्तरांना न कळलेली अडचण नीट सांगता येणं, दुसऱ्याची चूक ही लबाडी नसून गैरसमज आहे हे ओळखणं, सगळं या पायरीच्या वरच्या अंगाला आहे.

मग दोन भाषांत वाढणारी मुलं ही पायरी कशी चढतात? आग्नेस कोवाच यांनी रुमानियन आणि हंगेरियन अशा दोन्ही भाषांत वाढणारी तीन वर्षांची मुलं पाहिली. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखण्याच्या या खेळात ही मुलं एकाच भाषेत वाढणाऱ्यांच्या पुढे होती. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शिकागोचा प्रयोग. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार ते सहा वर्षांची मुलं. समोर खणाखणांची मांडणी, तिच्यात खेळणी, आणि मांडणीच्या पलीकडे बसलेली एक मोठी बाई. काही खण तिच्या बाजूनं झाकलेले. मुलाला तीन गाड्या दिसतात, लहान, मधली आणि मोठी. बाईला मात्र त्यातली सगळ्यात लहान दिसतच नाही. ती म्हणते, "मला एक लहान गाडी दिसतेय, ती हलव बरं." आता कोणती हलवायची? स्वतःच्या डोळ्यांनी पाहाल तर सगळ्यात लहान. तिच्या डोळ्यांनी पाहाल तर मधली.

एकाच भाषेत वाढलेली मुलं निम्म्या वेळा चुकली. दोन भाषा बोलणारी मुलं साधारण चारातल्या तीन वेळा बरोबर गाडीला हात लावत होती. आणि आता नीट ऐका. या प्रयोगात मुलांचा तिसरा गट होता. ती मुलं बोलायची एकच भाषा, पण घरात किंवा शेजारी दुसरी भाषा त्यांच्या कानावर पडत होती. कुणाची आजी, कुणाचे शेजारी. ती मुलंही दोन भाषा बोलणाऱ्यांइतकीच बरोबर निघाली.

आजीची भाषा नुसती कानावर पडत होती, तेवढ्यानं!

असं का होत असावं, हे मला प्रयोगशाळेपेक्षा आमच्या गल्लीत जास्त कळतं. एकाच भाषेच्या घरात मूल बोललं की सगळ्यांना समजतं. समजलं की नाही हा प्रश्नच पडत नाही. दोन भाषांच्या घरात तो दिवसातून पन्नासदा पडतो. हिला कोणतं बोलणं कळतं? आत्ता बाबा जे बोलले ते आजीला कळलं का? नाही कळलं तर तिला आता काय वाटत असेल? मूल सतत समोरच्याच्या जागी जाऊन येतं. हा रियाज आहे, आणि तो कुणी लावून घेत नाही, घरच लावून घेतं.

आमच्या भाषांची घडणही या रियाजाला मदत करणारी आहे, असं मला बालवाडीत रोज दिसतं. मराठीत 'आम्ही जत्रेला चाललो' आणि 'आपण जत्रेला चाललो' यांत फरक काय? समोरचा माणूस बरोबर आहे की नाही, एवढाच. पण मूल पहिलं वाक्य बोललं की ऐकणाऱ्या पोराचा चेहरा पडतो, दुसरं बोललं की तो चप्पल शोधायला धावतो. तेलुगूत हेच 'मेमु' आणि 'मनमु'. दखनीत 'हम' आणि 'अपन'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. तसंच 'म्हणे'. 'मामा आला' आणि 'मामा आला म्हणे'. दुसऱ्या वाक्यात बोलणारा सांगतो की हे मी पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलंय. तेलुगूत 'वच्चाडु' म्हणजे आला आणि 'वच्चाडट' म्हणजे आला म्हणे. कन्नडातही क्रियापदाच्या शेवटी 'अंते' लागलं की तेच काम होतं. तीन वेगळ्या भाषा, पण कुणाला काय ठाऊक आहे आणि ते कुठून कळलं, याची नोंद तिन्ही ठेवतात. हे सगळं चार वर्षांच्या पोरीच्या जिभेवर असतं.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका गावाबद्दल लिहिलं होतं. तिथं मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. वाक्यांची ठेवण एकमेकींसारखी झाली, तरी प्रत्येक घरानं आपली भाषा सोडली नाही. सगळ्यांनी एकच बोला असं कुणाला वाटलं नाही. हे आपलं जुनं वळण आहे.

आता ते मोडतं आहे, आणि आपणच मोडतो आहोत.

दोन वर्षांपूर्वी एका घरी गेले होते. बाप यंत्रमागावर, आई शिवणकाम करते, मुलगा इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत छोट्या गटात. शाळेनं पालकसभेत बजावलेलं, घरी इंग्रजीच बोला. नुसतं बजावलं नाही, छापील पाटी दिली. 'ओन्ली इंग्लिश ॲट होम'. आईनं ती देवघराच्या शेजारी लावली होती. मी बसल्या बसल्या ऐकत होते. "कम फास्ट." "सिट डाऊन." "डोंट टच." "ईट." आईला इंग्रजी तेवढंच येत होतं. तासाभरात तिनं मुलाशी केलेलं सगळं बोलणं हुकमाचं होतं. हीच बाई शेजारणीशी तेलुगूत बोलायला लागली की गप्पांना खळ नसे. कुणाला काय वाटलं, कोण का रागावलं, सासूच्या मनात काय आहे, सगळं. ते सगळं मुलाच्या वाट्याला येणंच बंद झालं होतं.

आणि आजी? ती कोपऱ्यात बसून होती. नातू जवळ गेला की हसायची, डोक्यावरून हात फिरवायची, बोलायची नाही. मी मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारलं, तेव्हा ती म्हणाली की माझ्या बोलण्यानं पोराचं इंग्रजी बिघडेल म्हणतात. आपल्याच घरात, आपल्याच नातवापुढे ती म्हातारी मुकी होऊन बसली होती. ते आठवलं की आजही माझा घसा दाटून येतो.

ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की ज्या घरात तीन वर्षांच्या आतल्या मुलाशी भावनांबद्दल, कशामुळे काय झालं याबद्दल बोलणं होतं, तिथली मुलं काही महिन्यांनी दुसऱ्याचं मन ओळखण्यात पुढे असतात. बहिऱ्या मुलांवरच्या अभ्यासातही हेच दिसलं. ज्यांच्या आईबापांना खुणांची भाषा चांगली येते ती बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीनं ही पायरी चढतात. जिथं आईबापांना ती येत नाही, नुसतं हातवारे करून भागवलं जातं, तिथं मुलाला उशीर होतो. म्हणजे मुलाला मनाबद्दलची बोलाचाल लागते. आणि मनाबद्दल माणूस त्याच भाषेत बोलू शकतो जी त्याला हातच्या काकणासारखी अंगची झालेली आहे. "सिट डाऊन" मध्ये कुणाचं मन मावत नाही. "अरे, ताई रुसली, तिला वाटलं तू मुद्दाम ढकललंस" हे त्या आईला इंग्रजीत कधीच बोलता येणार नाही, आणि तेलुगूत बोलायला तिला बंदी आहे. एका पाटीनं मुलाची दुसरी भाषाही गेली आणि पहिलीही अर्धीच राहिली.

हे मी दुसऱ्यांच्या घराबद्दल बोलते आहे, पण माझ्या घराबद्दल आधी बोलायला हवं होतं.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, कन्नड बोलणारं. माझा मुलगा लहान असताना त्याला बोलायला थोडा उशीर झाला. एका ओळखीच्या, शिकलेल्या माणसानं सांगितलं, घरात दोन-दोन भाषा आहेत म्हणून गोंधळतोय, कन्नड बंद करा. मी ऐकलं. माझ्या आईलाही सांगितलं, "अव्वा, याच्याशी मराठीतच बोल." ती मोडकं मराठी बोलू लागली. मुलगा पुढे व्यवस्थित बोलू लागला, तो तसाही बोललाच असता. शेवटच्या आजारपणात मात्र आईची मराठी गळून पडली. फक्त कन्नड उरलं. मुलगा पुण्याहून आला, उशाशी बसला. ती त्याचा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होती, "ऊटा आतेन? ऊटा आतेन?" तो घाईघाईनं उठला, पाणी घेऊन आला, तिच्या ओठांना लावलं. ती मान फिरवून परत तेच विचारायला लागली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आई, काय मागतेय ती?"

ती काही मागत नव्हती. जेवलास का, असं विचारत होती.

मी तेव्हा जे केलं ते चुकलं. आज कुणी तरुण आई मला तोच प्रश्न विचारते, तेव्हा मी तिला स्पष्ट सांगते. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, असं अभ्यासात दिसलेलं नाही. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले तर मुलं मागे नसतात. मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळतं तेही गोंधळून नव्हे, तर जो शब्द हाताशी आला तो घेतं, आणि समोरच्याला काय कळतं ते पाहून हळूहळू निवडायला शिकतं. खरोखरच उशीर वाटला तर कान तपासा, वाचातज्ज्ञांकडे जा, वेळ दवडू नका. पण आजीची भाषा बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही.

एकेकाळी तज्ज्ञही असंच मानत होते, की दोन भाषांचं ओझं मुलाच्या बुद्धीला पेलत नाही. १९६२ मध्ये माँट्रियलच्या शाळकरी मुलांवर एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी काम केलं आणि ते चित्र उलटं झालं. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. कुई आणि ओडिया अशा दोन्ही भाषा सांभाळणारी मुलं नुसती ओडिया उरलेल्या मुलांपेक्षा भाषेच्या आणि विचाराच्या कसोट्यांवर सरस ठरली. कंधांची मुलं, श्रीमंताघरची नव्हेत. दोन भाषांचा फायदा परदेशी शाळेतल्या मुलालाच होतो आणि विडी कामगाराच्या मुलाला तोटा होतो, हा समज या अभ्यासानं खोटा ठरवला.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की हा काही जादूचा काढा नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा दुसऱ्याचं मन ओळखण्यात दोन भाषांच्या मुलांना मिळणारी आघाडी दिसली, पण ती लहानशी दिसली. एका भाषेत वाढलेली मुलंही कनवाळू होतात, समजूतदार होतात, कितीतरी होतात. म्हणून मी कुणाला म्हणत नाही की मुलाला मुद्दाम तिसऱ्या भाषेच्या वर्गाला घाला. माझं म्हणणं एवढंच आहे की जे घरात आयतं आहे, ज्याला एक पैसा पडत नाही, आणि ज्याच्याबरोबर आजीचं सगळं प्रेम येतं, ते आपल्या हातानं फेकू नका.

इंग्रजी नको, असंही मी म्हणत नाही. इंग्रजी लागते. आमच्या पोरांना ती चांगली आली पाहिजे, आणि ज्याला ती चांगली येते त्यानं शाळेत ती शिकवली पाहिजे. घराचं काम वेगळं आहे.

आणि मराठीच्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एक विनंती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळे आनंदलो. अमेरिकेत महाराष्ट्र मंडळं रविवारी मराठी शाळा भरवतात, आईबाप मुलांना गाडीत घालून तासभर लांब नेतात, त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. मग जी तळमळ तिकडच्या मराठी आजीसाठी, ती सोलापूरच्या तेलुगू अव्वासाठी का नको? मेळघाटातल्या कोरकू आजीसाठी का नको? जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारी माणसं दोन-अडीच हजारच उरली आहेत, आणि जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं जुळत नाही. तिथलं मूल घरी निहाली, बाजारात कोरकू आणि शाळेत मराठी बोलतं. त्या मुलाला अंगणवाडीत पहिल्या दिवशी "असं बोलायचं नाही" असं सांगितलं गेलं, तर मराठीचं त्यात काय भलं झालं? घरची भाषा जिवंत असलेलं मूल मराठी अधिक चांगली शिकतं. माझ्या बालवाडीतून गेलेल्या तेलुगू घरच्या मुली आज मराठीच्या शिक्षिका आहेत.

कायदाही आपल्या विरोधात नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावी असं लिहिलं आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणानं किमान पाचवीपर्यंत तसा आग्रह धरला आहे. बालभारती आठ भाषांत पुस्तकं छापते, तेलुगू आणि कन्नडही त्यात आहेत. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली. एक छोटं गाव हे करू शकतं. आपण एवढी वस्तीची माणसं, निदान घरातल्या म्हातारीचं तोंड तरी मोकळं करू शकतो.

म्हणून आयांनो, बापांनो, तुमच्याकडे मागणं आहे. पोराशी त्याच भाषेत बोला जिच्यात तुम्हाला भांडता येतं, रडता येतं, थट्टा करता येते. आजी-आजोबा असतील तर रोज थोडा वेळ मूल त्यांच्या स्वाधीन करा, आणि त्यांना सांगा की तुमच्याच बोलीत बोला, मन भरून बोला. मूल उत्तर मराठीत देईल, इंग्रजीत देईल, देऊ दे. शिकागोची ती मुलं आठवा. कानावर पडत राहू दे. रात्री निजताना विचारा, आज कोण रुसलं, तिला काय वाटलं असेल, तुला कसं कळलं. गावी फोन लावाल तेव्हा मुलाच्या हातात द्या आणि मध्ये बोलू नका, त्याचं त्याला धडपडू द्या.

बालवाडीच्या आणि अंगणवाडीच्या ताईंनो, पालकांना "घरी इंग्रजी बोला" किंवा "घरी मराठीच बोला" असं सांगणं आजपासून थांबवूया. मूल आपल्याशी घरच्या भाषेत बोललं तर आधी उत्तर देऊ, मग मराठी शब्द देऊ. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या भाषेतले दहा शब्द आपण शिकू. पाणी, भूक, दुखतंय, आई कधी येणार. माझ्या बालवाडीत दर गुरुवारी एका आजीला बोलावते. ती तिच्या भाषेत गोष्ट सांगते. तेलुगू आजी आली की तेलुगू पोरं इतरांना सांगत बसतात, कन्नड आजी आली की कन्नड पोरं. आणि त्या दिवशी एरवी मागे बसणारी, न बोलणारी पोरं एकदम वर्गाची दुभाषी होतात. कुणाला कळलं नाही, हे चेहऱ्याकडे बघून ओळखतात आणि पुन्हा सांगतात. यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. एक सतरंजी लागते.

शाळेच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना असतो. तिथं लाज वाटून मराठी किंवा हिंदी लिहू नका, जी आहे तीच लिहा. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून देशाची जनगणना होणार आहे. तीत प्रत्येकाची मातृभाषा आणि त्याला येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात. प्रगणक दारात येईल तेव्हा घाईनं "हो हो, सगळ्यांचं सारखंच" म्हणू नका. अव्वाचं तिच्या तोंडून लिहवून घ्या, आणि पोराच्या नावापुढे मातृभाषेबरोबर त्याला येणाऱ्या आणखी दोन भाषाही लिहवा. कागदावर माणसं दिसली नाहीत तर उद्या पुस्तकंही छापली जाणार नाहीत.

ती पाटी अजून त्या घरात देवघराच्या शेजारी आहे. मी दोनदा बोलले, आई ऐकून घेते, पण शाळेच्या धाकानं पाटी काढत नाही. येत्या गुरुवारी गोष्ट सांगायला मी त्याच आजीला बोलावलं आहे. नातू शाळेतून सुटल्यावर तिला घ्यायला येणार आहे. मी त्याला थोडा लवकर बोलावणार आहे, गोष्ट संपायच्या आत.